ओळखीचा माणूस विदूषक होतो तेव्हा

बसमध्ये असाल, चालायला निघाला असाल, भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा इथे लिहून काढलाय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अं' थोडे कमी केलेत, बाकी आहे तसंच.

तर आजचा प्रश्न. समजा, तुमच्या ओळखीतलं कुणीतरी, ऑफिसमधलं, सोसायटीतलं, क्लासमधलं, तुम्हाला म्हणालं, "शनिवारी माझा शो आहे, ये ना." तुम्ही विचारलं, "कसला?" आणि उत्तर आलं, "विदूषकाचा." काय होईल तुमचं?

खरं सांगा हं. आनंद होतो, पण त्याच्याआधी पोटात एक गोळा येतो. गाण्याचा कार्यक्रम असता तर इतकं काही वाटलं नसतं. एखादा सूर हलला तरी आपण टाळ्या वाजवतो, "मस्त झालं" म्हणतो आणि घरी येतो. विदूषकाच्या बाबतीत ती सोय नाही. हशा आला नाही तर तो आला नाही हे अख्ख्या थिएटरला ऐकू येतं. आणि समोर उभा असलेला माणूस उद्या आपल्याला लिफ्टमध्ये भेटणार असतो!

हा जो गोळा आहे ना, त्याच्यावरच विदूषकाचा सगळा खेळ उभा असतो. कसा, ते आज बघूया.

आधी एक घोळ मिटवू

आपण 'जोकर' हा शब्द कशालाही वापरतो. पत्त्यातला जोकर, बॅटमॅनमधला जोकर, वाढदिवसाला फुगे वाटणारा जोकर, वर्गात सगळ्यांना हसवणारा पोरगा पण जोकर. त्यामुळे थिएटरमधला विदूषक, ज्याला नाटकवाले 'क्लाउन' म्हणतात, तो नेमकं काय करतो हे बाजूलाच राहतं.

स्टँड-अप कॉमेडियनशी तुलना करू, म्हणजे लवकर कळेल. स्टँड-अपवाला तुमच्यापेक्षा हुशार असतो, किमान त्या अर्ध्या तासापुरता तरी. त्याने जगातली एक गंमत पकडलेली असते आणि ती तो तुम्हाला दाखवतो. विदूषकाला मात्र काहीच कळलेलं नसतं. त्याला एक साधं काम करायचंय, दार उघडायचंय, खुर्चीवर बसायचंय, आणि ते त्याला जमत नाहीये. तुम्हाला बसल्या जागी उपाय दिसतोय, त्याला दिसत नाहीये. हसू येतं ते तिथून.

पॅरिसमध्ये जाक लेकॉक नावाचे एक नाट्यशिक्षक होते. १९५६ मध्ये त्यांनी तिथे शाळा काढली, आणि आज जगभर जे 'थिएटर क्लाउन' शिकवलं जातं त्यात त्यांच्या शाळेचा मोठा वाटा आहे. १९६० च्या दशकात त्यांनी वर्गात एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना गोल बसवलं आणि सांगितलं, एकेकाने मध्ये या आणि आम्हाला हसवा. पोरं आली. कुणी कोलांट्या मारल्या, कुणी शब्दांचे खेळ केले, कुणी तोंडं वेडीवाकडी केली. कुणीच हसेना. हरलेली, वैतागलेली पोरं आपापल्या जागेवर जायला निघाली. आणि तेव्हा सगळे हसायला लागले!

म्हणजे बघा, हसवायचा प्रयत्न चालू होता तोवर मामला थंड होता. प्रयत्न फसला आणि माणूस जसा आहे तसा दिसला, तेव्हा हसू आलं. लेकॉकनी हाच धागा पकडून पुढे शिकवलं. ते लाल नाकाला जगातला सगळ्यात छोटा मुखवटा म्हणायचे. इतर मुखवटे तोंड झाकतात. हा एवढासा, नाकापुरताच, त्यामुळे बाकीचा चेहरा उलट जास्तच उघडा पडतो.

नारळाची गोष्ट

आता त्या शोबद्दल, ज्याच्यामुळे हा एपिसोड करावासा वाटला. माझे एक जुने सहकारी आहेत. वय चाळिशीच्या पुढे, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम, मीटिंगमध्ये शेवटी दोनच वाक्यं बोलणारे. मी त्यांना दादा म्हणते. नाव सांगत नाही, कारण त्यांच्या आताच्या टीमला हे अजून माहीत नाहीये. दोन-तीन वर्षं वर्कशॉप करून त्यांनी पन्नास मिनिटांचा एकपात्री क्लाउन शो बसवला आणि मला मेसेज आला. पुण्यातलं एक छोटं थिएटर होतं, जिथे पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय लांब केले तर ते थेट स्टेजवर जातात. माझ्या पुढच्या रांगेत वहिनी आणि त्यांची नववीतली मुलगी. मुलगी खुर्चीत इतकी खाली सरकलेली की फक्त केस दिसत होते.

शोमध्ये एकच प्रसंग: सत्कार समारंभ. एक टेबल, एक समई, घडीची खुर्ची, शाल, श्रीफळ, माइक. दादा लाल नाक लावून, मोठा कोट घालून येतात. प्रमुख पाहुणे येणार आहेत आणि तयारी यांनी करायचीय, बस. काडेपेटी उघडली तर रिकामी. खुर्ची उघडली की मिटते. माइकसमोर उभं राहून घसा साफ करतात, आणि एवढ्यातच भाषण संपल्यासारखे वाकून नमस्कार करतात. शब्द जवळजवळ नाहीतच. लोक हसत होते.

मग नारळ आला. नारळ टेबलावर ठेवला, गडगडला, त्यांनी पकडला. परत ठेवला, परत गडगडला. हे चार वेळा झालं. आणि चौथ्यांदा कुणीच हसलं नाही. एसीचा आवाज ऐकू यायला लागला. माझ्या पोटातला गोळा घशापर्यंत आला. पुढच्या रांगेतले केससुद्धा दिसेनासे झाले.

दादांनी काय केलं? काहीच नाही. नारळ हातात घेऊन ते थांबले. आमच्याकडे बघितलं. नारळाकडे बघितलं, जणू दोष त्याचाच आहे. परत आमच्याकडे बघितलं, आणि चेहऱ्यावर आलं की नाही बुवा, दोष बहुतेक माझाच. मग कोट नीट केला, नारळ अगदी अदबीने टेबलावर ठेवला, आणि तो गडगडायच्या आतच, आधीच, खाली हात धरून बसले. तो पडलाच नाही. जागेवर राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर जो अपेक्षाभंग दिसला ना, थिएटर अक्षरशः फुटलं. ती मुलगी सरळ उठून बसली होती.

नंतर बाहेर चहा घेताना मी विचारलं, "दादा, ती मधली शांतता बसवलेली होती का?" तर म्हणाले, "अगं नाही गं. तिसऱ्यांदाच हशा कमी झाला होता, मी लोभाने चौथ्यांदा केलं. मग आपटलो. मग आपटलोय हे तुम्हाला सांगून टाकलं, दुसरं काय करणार?"

हे चालतं कसं?

या 'आपटलो'ला क्लाउनच्या वर्गात 'फ्लॉप' म्हणतात, आणि तो शिकवतात. फ्लॉप टाळायला शिकवत नाहीत बरं का, फ्लॉप झाल्यावर काय करायचं ते शिकवतात. लेकॉकचे विद्यार्थी फिलिप गॉलिए यांनी पुढे स्वतःची शाळा काढली, आणि विद्यार्थ्यांना कंटाळवाणं म्हणून खडसावण्यासाठी ते प्रसिद्ध झाले. 'बोराट'वाला साशा बॅरन कोहेन त्यांच्याकडे शिकलाय. त्या वर्गात माणूस रोज आपटतो, इतका की आपटण्याची भीती हळूहळू बोथट होते.

नारळाच्या प्रसंगात तीन गोष्टी होत्या, त्या सुट्या करून सांगते.

एक, नजर. नाटकातला नट सहसा असं वागतो की प्रेक्षक तिथे नाहीतच. विदूषक प्रत्येक घटनेनंतर प्रेक्षकांकडे बघतो. खुर्ची मिटली, की आधी तुमच्याकडे बघणार. त्या बघण्यात प्रश्न असतो: पाहिलंत का हो? ती नजर आली की तुम्ही त्याच्या भानगडीत सामील झालात.

दोन, थांबणं. फसल्यावर आपण सगळे काय करतो? पटकन झाकतो. बोलायला लागतो, फोन काढतो, "मी तर मजा करत होतो" म्हणतो. विदूषक ते झाकत नाही. एक श्वास जास्त थांबतो आणि पडलेलं दिसू देतो. हे ऐकायला सोपं आहे. मित्रांसमोर एक विनोद पाडून तीन सेकंद गप्प उभं राहून बघा, मग कळेल.

तीन, गांभीर्य. विदूषक गंमत म्हणून काम बिघडवत नाही. दादांच्या त्या माणसाला खरोखरच तो सत्कार नीट व्हायला हवा होता. "बघा मी किती वेडा आहे" असं दिसलं की हसू मरतं.

आणि हे सगळं करायला अंगात कौशल्य लागतं. सर्कस पाहिली असेल तर आठवा, झुल्यावरून पडल्यासारखं करणारा विदूषक पडत नाही, कारण त्यालाही झुला येत असतो. लंडनचा जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८ ते १८३७) हा आधुनिक विदूषकांचा मूळपुरुष मानला जातो. त्याच्यावरूनच इंग्रजीत विदूषकाला 'जोई' म्हणायला लागले. उड्या आणि आपटण्यांनी त्याचं शरीर इतकं मोडलं की १८२३ साली, पंचेचाळिशी गाठायच्या आत, त्याला नियमित काम थांबवावं लागलं. १८२८ च्या निरोपाच्या प्रयोगात तो खुर्चीत बसून खेळला.

आपल्याकडे हे नवीन आहे का?

मुळीच नाही. लाल नाक बाहेरून आलं. विदूषक आपल्याकडे कधीचाच आहे.

नाट्यशास्त्रात त्याचं वर्णन आहे: टकला, वाकडा, दात पुढे आलेला. हातात 'कुटिलक' नावाची वाकडी काठी. तो ब्राह्मण असतो पण संस्कृत बोलत नाही, प्राकृत बोलतो. खाण्यावर जीव. राजाचा किंवा नायकाचा मित्र. 'मृच्छकटिक'मधला मैत्रेय आठवा, जे नाटक गोविंद बल्लाळ देवलांनी मराठीत आणलं. चारुदत्त कंगाल झाल्यावरही मैत्रेय त्याला सोडत नाही. पण तोच मैत्रेय न्यायसभेत झटापटीत काखेतले दागिने पाडतो, आणि तोच पुरावा होऊन मित्र सुळाच्या दारात जातो. विदूषकाचं धांदरटपण तिथे चांगलंच महाग पडतं.

तमाशात सोंगाड्या. गवळणीत तो पेंद्या होतो, वगात राजाचा शिपाई किंवा हवालदार होतो, आणि राजाच्या तोंडावर राजाची खिल्ली उडवतो. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके हवालदार होते, आणि त्या दिवसाच्या पेपरातली बातमी त्या संध्याकाळी स्टेजवर यायची. पुढे १९७१ मध्ये त्यांचा सिनेमा आला, त्याचं नावच 'सोंगाड्या'. तळकोकणात दशावतारात काळ्या कपड्यातला संकासुर येतो आणि मालवणीत भटजीची फिरकी घेतो. आणि सर्कस म्हणाल, तर भारतातली पहिली सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे आपल्या सांगलीकडचे. १८८० साली मुंबईत त्यांचे खेळ झाले.

फरक आहेच. आपला सोंगाड्या जिभेने लढतो, हजरजबाबी असतो. लाल नाकवाला बहुतेक वेळा मुका आणि गोंधळलेला. पण दोघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे: बाकीची पात्रं आपसात बोलत असताना हे दोघं आपल्याकडे तोंड करून उभे असतात.

हसू कुणाला चिकटतं?

आता जरा अवघड भाग. विदूषकाला हसतो ते प्रेमाने की टिंगल म्हणून?

दोन्ही होतं, आणि हे झाकण्यात अर्थ नाही. सर्कशीत वर्षानुवर्षं बुटक्या माणसांना विदूषक केलं गेलं, आणि बऱ्याच वेळा विनोद म्हणजे त्यांची उंची, एवढाच होता. तिथे माणसाने काही केलं म्हणून लोक हसत नव्हते, तो होताच तसा म्हणून हसत होते. 'नटरंग' तुम्ही पाहिलाच असेल. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा सिनेमा, २०१० चा. त्यात गुणा नाच्या होतो. नाच्या आणि सोंगाड्या या वेगळ्या भूमिका आहेत, पण प्रश्न तोच. स्टेजवरचं हसू स्टेजवर थांबत नाही. ते घरापर्यंत मागे येतं, गावात चिकटतं, बायकापोरांना चिकटतं.

म्हणून दादांनी टीमला सांगितलेलं नाही. मी त्यांना विचारलं, "का नाही सांगत?" म्हणाले, "नाक लावलेलं असताना हसलात तर तो माझा पगार आहे. सोमवारी मीटिंगमध्ये हसलात तर तो कापलेला पगार." मला ते पटलं. विदूषक हसण्याची परवानगी देतो, पण ती त्या जागेपुरती आणि त्या वेळेपुरती असते. ती ओढून घरी न्यायची नसते.

आणि ओळखीच्या माणसाला बघताना नेमकी हीच रेघ पुसट होते. अनोळखी विदूषकाला आपण बेधडक हसतो. ओळखीचा असला की आपण त्याच्यावर हसतोय की त्याच्यासोबत, हे दर मिनिटाला स्वतःला विचारत राहतो. पोटातला गोळा तो हाच. त्या नववीतल्या मुलीला तर बाबा उद्या शाळेत सोडायला येणार होते! तिच्यासाठी चौथा नारळ किती मोठा होता, याचा अंदाज करा. आणि बाबांनी फजिती लपवली नाही तेव्हाच तिला हुश्श झालं असावं. लपवणाऱ्या माणसाची काळजी वाटते. जो स्वतःच सांगून टाकतो, त्याची कमी वाटते.

मग रील बघितलं तर चालणार नाही का?

चालेल की. पण दोन गोष्टी हातातून जातात.

पहिली, सोबत. रॉबर्ट प्रोवाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोक कधी आणि कसे हसतात याचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्याला आढळलं की माणूस एकटा असताना जितकं हसतो त्याच्या साधारण ३० पट चारचौघांत हसतो. फोनवर आपण नाकातून हवा सोडतो आणि तीन हसऱ्या इमोजी टाकतो. थिएटरमध्ये शेजारच्या काकू हसतात म्हणून आपण हसतो, आणि आपण हसतोय हे बघून त्या परत हसतात.

दुसरी, शांतता. रील बनवताना सगळ्यात आधी काय कापलं जातं? जिथे काही झालं नाही ते. म्हणजे नारळाचा तो पडलेला क्षण कुठल्याही रीलमध्ये आलाच नसता. आपण दिवसभर बघतो ते सगळं फ्लॉप काढून टाकलेलं असतं. मग आपला एखादा फ्लॉप झाला की वाटतं, हे फक्त आपल्यालाच होतं. मी उपदेश करत नाहीये हं, मी पण स्क्रोल करते. पण पन्नास मिनिटं एक माणूस समोर न जमलेलं न कापता दाखवतोय, हे बघण्यात एक वेगळाच आराम आहे.

बोलावणं आलं तर

शेवटी कामाचं. ओळखीच्या माणसाच्या अशा शोला जाणार असाल तर चार गोष्टी.

खोटं हसू नका. विदूषकाला ते लगेच कळतं, आणि त्याची दिशा चुकते. हसू आलं नाही तर फक्त बघत राहा, लक्ष देऊन बघणं त्याला पुरतं.

त्याने तुमच्याकडे बघितलं तर नजर चुकवू नका. आपल्याला वाटतं, बापरे, आता स्टेजवर बोलावतो की काय! बहुतेक वेळा त्याला फक्त कुणीतरी बघतंय एवढंच हवं असतं.

शूटिंग करू नका, विचारल्याशिवाय स्टोरी तर अजिबात टाकू नका. त्याची टीम, त्याचे सासरे, त्याचे विद्यार्थी ते बघणार आहेत की नाहीत, हे त्याने ठरवायचंय.

आणि नंतर भेटल्यावर नुसतं "भारी होतं" म्हणू नका. एक क्षण सांगा. "ती काडेपेटी रिकामी निघाली तेव्हा..." एवढं पुरे. त्याला कळतं की तुम्ही खरंच तिथे होतात.

तुमच्या आसपास बघा, वर्कशॉप आणि छोटे शो पुण्या-मुंबईत होत असतात, कोकणात दशावतार असतो, जत्रेत तमाशाचा फड येतो. एखादा बघून या आणि मला व्हॉइस नोट पाठवा: कुठल्या क्षणाला सगळं शांत झालं, आणि मग त्या माणसाने काय केलं? तेवढंच सांगा. चांगल्या व्हॉइस नोट, तुमची परवानगी असेल तर, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवीन.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!